बारा अंड्यांतून तीनच पिल्लं: कोंबडी रवणाला बसवताना कुठे चुकतं?

परसातला_नवखा (सत्तरी)

नमस्कार मंडळी. घरामागे ६ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. चिऱ्यांचा खुराडा, वर कौलं, आत कोपऱ्यात पेंढा घातलेली एक पाटी. सगळ्या तिच्यातच अंडी घालतात. चवथ झाली, पाऊस ओसरायला लागलाय आणि परवापासून एक कोंबडी खुडूक होऊन (अंडी उबवायच्या तयारीने) बसलीय. हात नेला की पिसं फुलवून टोचते, रात्रीसुद्धा पाटी सोडत नाही.

जुलैमध्ये याच पाटीत दुसरी कोंबडी रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली होती. १२ अंड्यांचा हिशेब असा: ३ पिल्लं जिवंत. ४ अंडी नुसती पाणी. ३ अंड्यांत पिल्लू पूर्ण तयार, पिसं आलेली, पण आतच मेलेलं. २ अंड्यांना आतून चोचेचं भोक पडलं होतं, त्यांना रात्रीत मुंग्या लागल्या. अंडी साधारण १५ दिवस साठवलेली, स्वयंपाकघरातल्या फळीवर. कुठेतरी वाचलं म्हणून एक दिवसाआड अंड्यांवर पाणीही शिंपडत होतो.

आता किती अंडी ठेवू, किती दिवसांची चालतील, पाणी शिंपडायचं की नाही, मुंग्यांचं काय करायचं? घरातली मोठी माणसं म्हणतात पाटीत लोखंडाचा खिळा ठेवला नाही म्हणून गडगडाटाने अंडी गेली. त्यात काही तथ्य आहे का?

---

कुळागरवाला (फोंडा)

हिशेब ठेवलात ते फार बरं केलंत. काय चुकलं ते न उबलेली अंडीच सांगतात. एकेक बघू.

४ पाणी झालेली. फोडून पाहिली होती का? बलक अखंड, पिवळा आणि आत काहीच नाही, तर अंडं फळलेलंच नव्हतं. बलक विरघळलेला आणि त्यात रक्ताची बारीक रेघ किंवा कडं दिसलं, तर अंडं फळलं होतं पण जीव पहिल्या काही दिवसांतच गेला. तुमच्याकडे ६ कोंबड्यांना १ कोंबडा आहे, ८-१० कोंबड्यांपर्यंत एक पुरतो. तो म्हातारा किंवा लंगडा नसेल तर दोष त्याचा नाही, फळीचा आहे. फळलेल्या अंड्यातला जीव साधारण २० अंशांच्या खाली निजलेला राहतो. आपल्याकडे भर पावसातसुद्धा स्वयंपाकघर २७-२८ अंशांवर असतं, चुलीजवळ त्याहून जास्त. एवढ्या उबेने तो अर्धवट जागा होतो, जरासा वाढतो, पण पुढे वाढायला ही ऊब पुरत नाही. मग दिवसागणिक कमजोर होत जातो. १५ दिवसांनी तुम्ही ते अंडं कोंबडीखाली सारता तेव्हा आत बऱ्याचदा काही उरलेलंच नसतं.

म्हणून गोव्यात ५ दिवसांपर्यंतची अंडी घ्या, ७ दिवसांवरची खायला काढा. पुस्तकातली १० दिवसांची मुभा थंड खोलीसाठी आहे. उरलेल्या ५ कोंबड्यांकडून रोज २ अंडी धरली तरी ५ दिवसांत १० होतात. तोवर खुडूक कोंबडीखाली खोटी अंडी ठेवा, ती काही मोजत नाही. टेबल टेनिसचे चेंडू हलके, घरंगळतात. गोल गुळगुळीत दगड किंवा प्लास्टरची अंडी बरी.

साठवायला रुंद तोंडाचं मडकं घ्या. ते ओल्या वाळूत अर्धं पुरा, आत मूठभर कोरडं तूस घाला, अंडी जाड टोक वर करून उभी ठेवा आणि तोंडावर सुती फडकं टाका. जाड टोकाला हवेची पोकळी असते, ती वर राहिली पाहिजे. जागा घरातली सगळ्यात गार, म्हणजे बहुतेक न्हाणीच्या भिंतीची बाजू. फ्रिजमध्ये नको, तिथे गारठा फार. धुवायची तर अजिबात नाहीत. ताज्या अंड्यावर न दिसणारा एक थर असतो. तो पाण्याने गेला की कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या काथ्याने हलकेच खरवडा, फार माखलेलं अंडं आमलेटला.

निवडताना ४०-४५ ग्रॅमची, नीट आकाराची घ्या. फार मोठं, फार बारीक, खडबडीत किंवा पातळ कवचाचं बाजूला काढा. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (तरुण कोंबडी), हे खोटं आहे.

३ तयार होऊन मेलेली. इथे दोन कारणं एकत्र आलीत. पहिलं, पाटी सामायिक. खुडूक कोंबडी दाण्याला उठली की दुसरी येऊन त्यातच अंडं घालते, म्हणजे काही अंडी ३-४ दिवस उशिराची. पहिली पिल्लं निघाली की आई फार तर दोन दिवस थांबते, मग पिल्लं घेऊन उठते आणि मागे राहिलेली गारठतात. दुसरं, पाणी. २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्के घटायला हवं, म्हणजे ४५ ग्रॅमचं अंडं शेवटी ३९-४० वर यावं. तेवढं पाणी कवचातून उडून गेलं तरच हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. जुलैत हवाच ओलीचिंब, त्यात तुम्ही शिंपडत होतात. पोकळी लहान राहिली, पिल्लू आतल्या ओलाव्यात गुदमरलं. कोंबडीच्या अंड्यांना आपल्या हवेत पाणी शिंपडायची गरज नाही, मे महिन्यातसुद्धा.

गडगडाट. त्याने अंडी मरत नाहीत. वळवाचा पाऊस ज्या दिवसांत गडगडतो, त्याच दिवसांत घरात साठवलेली अंडी उष्म्याने आधीच खराब झालेली असतात. नाव ढगांचं होतं. खिळा हवा तर ठेवा, तेवढीच घरात शांतता. फक्त पेंढ्यात खाली, टोक वर येणार नाही असा.

किती ठेवायची: सव्वा-दीड किलोच्या गावठी कोंबडीखाली १० ते १२, ओल्या दिवसांत ९-१०. खरी कसोटी अशी की ती बसल्यावर एकही अंडं पंखाबाहेर दिसता कामा नये. कडेचं गारठलेलं अंडं कायम कडेलाच राहत नाही. ती दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते, म्हणून एक जास्त ठेवलं तर रोज वेगळं अंडं गारठतं आणि शेवटी चार जातात.

---

चिरा_आणि_चुना (पेडणे)

वरचं सगळं बरोबर, पण जागेबद्दल कोणी बोललं नाही. चिऱ्यांचा खुराडा वाचूनच शंका आली.

जांभ्या चिऱ्याची भोकं म्हणजे तांबड्या पिसवांची (रेड माईट) वसाहत. दिवसा त्या भोकांत असतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. एरवी कोंबडी दांडीवर बसते, थोडं सोसते. पण रवणाची कोंबडी २१ रात्री एकाच जागी, भिंतीला टेकून. दुसऱ्या आठवड्यात ती पाटी सोडते आणि लोक म्हणतात "कोंबडीच वाईट." रात्री नऊच्या पुढे टॉर्च घेऊन पाटीच्या खालून आणि भिंतीवरून पांढरं फडकं फिरवा. तांबडे डाग उमटले तर पिसवा आहेत.

उपाय असा. भिंतीची भोकं सिमेंटच्या पातळ गिलाव्याने बुजवा, किमान पाटीच्या मागची दोन हात भिंत. त्यावर चुन्याचे दोन हात. जुना पेंढा जाळा. पाटी नवी, किंवा जुनीच उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात दोन दिवस. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी आणि गुदद्वाराभोवती पिसं उलटी करून उवा बघा. असतील तर पशुवैद्याकडून कोंबड्यांसाठीची पावडर आणून तेव्हाच चोळा, ७-८ दिवसांनी पुन्हा. पिल्लं निघायच्या सुमारास पावडर नको. पेंढ्याखाली निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालतात तो घाला, पण पिसवा आधीच झाल्या असतील तर नुसत्या पाल्याने त्या जात नाहीत.

पाटी: तोंडाशी ३५ सेंमी रुंद, १५-२० सेंमी खोल. तळाला ४-५ सेंमी कोरडी वाळू आणि चाळलेली राख मिसळून, मुठीने मधे उथळ वाटी करा. वर चुरगळलेला भाताचा पेंढा. वाळू नसेल तर तळ सपाट राहतो, अंडी कडेला पांगतात. फार खोल वाटी केली तर अंडी एकमेकांवर चढतात आणि तडकतात. लांब सरळ पेंढा पायात अडकतो, अंडं पाटीबाहेर ओढलं जातं. वीतभर तुकडे करून घाला.

आता मुंग्या. झाडावरचे हुमले आणि जमिनीतल्या बारीक तांबड्या मुंग्या, दोन्ही येतात. भोक पडलेल्या अंड्याचा ओला वास त्यांना लगेच लागतो. पाटी जमिनीवरून उचलून चार पायांच्या लाकडी स्टुलावर ठेवा. उंची गुडघ्याएवढी, त्याहून जास्त नको, पिल्लं पडतात. चारही पाय करवंट्यांत, करवंटीत साबणाचं पाणी. रोज बघा, कारण त्यात एक काडी पडली तरी तिचा पूल होतो. स्टूल भिंतीला टेकता कामा नये, पेंढ्याची काडी खाली लोंबता कामा नये, आणि आंब्याची फांदी कौलाला टेकली असेल तर आधी ती छाटा. हुमले वरून उतरतात, खाली पाणी ठेवून काय करणार! हळदीची रेघ ओल्या हवेत दोन दिवस टिकत नाही. मुंग्यांचा खडू आणि पावडरी पाटीजवळ नकोतच, कोंबडी चोच मारते.

---

डोंगरपायथा

एवढा खटाटोप कशाला? गावठी कोंबडी काजूच्या मुळाशी पाचोळ्यात बसते आणि तीन आठवड्यांनी दहा पिल्लं घेऊन दारात येते. हलवायला गेलात की रुसते, अंडी टाकते. आहे तिथेच बसू दे.

---

कुळागरवाला (फोंडा)

@डोंगरपायथा, येते, खरं आहे. जी मुंगसाच्या तोंडी गेली ती दारात येत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहत नाही. पण मुद्दा अर्धा बरोबर आहे. दिवसाउजेडी हलवली तर नक्की रुसते.

@परसातला_नवखा, सामायिक पाटीतून तिला हलवायलाच हवं. कृती अशी. नवी जागा आधी तयार ठेवा, थोडी अंधारी, तोंड भिंतीकडे, बाकीच्या कोंबड्या येणार नाहीत अशी. नव्या पाटीत ३-४ खोटी अंडी. पूर्ण अंधार पडल्यावर, टॉर्चवर लाल कापड बांधून, दोन्ही हातांनी पंख मिटवून खालून उचला. पंखाच्या काखेत अंडं अडकलेलं नाही ना ते बघा, नाहीतर वाटेत फुटतं. पाटीत ठेवा, वर डालगं किंवा गोणपाट झाका. दुसरा पूर्ण दिवस झाकलेलंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठवून दाणा-पाणी द्या. परत येऊन स्वतःच खोट्या अंड्यांवर बसली, तर त्याच रात्री खरी सगळी अंडी एकदम ठेवा आणि खोटी काढा. उठून जुन्या पाटीकडे पळाली तर अजून एक दिवस झाकून ठेवा. तरी ऐकत नसेल तर ती कोंबडी सोडा, १० अंडी तिच्यावर टाकू नका.

सगळी एकदम, हे महत्त्वाचं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने मधोमध गोल रेघ मारा. पुढे रेघ नसलेलं अंडं दिसलं की ते नंतर आलेलं, काढून घ्या. पेन किंवा मार्करची शाई नको.

जमलं तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. ७ व्या दिवशी अंडी तपासून रिकामी काढली की उरलेली कधीकधी एकीखालीच मावतात, दुसरी मोकळी. किंवा पिल्लं निघाल्यावर सगळी एकीला. मात्र दोघी एका पाटीत नकोत. एकमेकींची अंडी ओढतात आणि मधली गारठतात.

---

टॉर्चवाली_ताई (डिचोली)

तपासणीचं मी लिहिते. बुटांचं खोकं घ्या, झाकणाला ३ सेंमीचं भोक पाडा, आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा. रात्री खोलीतला दिवा बंद. अंड्याचं जाड टोक भोकावर टेकवा.

७ वा दिवस: मधे गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा, अगदी कोळी पाय पसरून बसल्यासारखा. अंडं थोडं कललं की ठिपका डुलतो. हे जिवंत. सगळं पिवळसर मोकळं, बलकाची नुसती सावली, म्हणजे फळलेलं नाही. आत लाल बांगडी आणि शिरा नाहीत, म्हणजे मेलेलं. गावठी अंड्याचं कवच फिकट असतं, दिसायला अडचण येत नाही. शंका असेल तर परत ठेवा आणि १० व्या दिवशी बघा, घाईत जिवंत अंडं फेकू नका.

१४ वा दिवस: दोन तृतीयांश भाग काळा, जाड टोकाला पोकळी स्वच्छ उजळ. पोकळीची कड पेन्सिलीने आखून ठेवा, पुढे ती वाढते की नाही ते समजतं. या वेळी आत पाणी हिंदकळत असेल किंवा वास येत असेल तर ते अंडं तसंच ओंजळीत धरून बाहेर न्या, आपटू नका. सडकं अंडं पाटीत फुटलं तर बाकीच्यांच्या छिद्रांवर घाण बसते.

१८ व्या दिवसानंतर हात लावायचा नाही. पिल्लू डोकं जाड टोकाकडे फिरवून बसलेलं असतं. २० व्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव येते आणि कोंबडी हळू आवाजात उत्तर देते. भोक पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास. याच वेळी लोकांचे हात शिवशिवतात. सोलू नका. आतल्या पापुद्र्यात शिरा अजून रक्ताने भरलेल्या असतात आणि बलक पोटात ओढून घ्यायचा राहिलेला असतो. सोललेलं पिल्लू रक्त वाहून किंवा बेंबी उघडी राहून मरतं. २४ तास उलटून गेले, पापुद्रा वाळून तपकिरी झालाय आणि पिल्लू ओरडतंय, असं असेल तरच कोमट पाण्याचा थेंब पापुद्र्यावर लावून भोकाभोवतीचं कवच जरा मोकळं करा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा.

२१ दिवस कोंबडीसाठीही मोजा. ती दिवसातून एकदा, १५-२० मिनिटं उठते. मोठी, दुर्गंधी विष्ठा तेव्हाच टाकते, ते आजारपण नाही. दोन दिवस उठली नाही तर हाताने उठवा, नाहीतर पाटीतच घाण करते. या दिवसांत अख्खं धान्य द्या: मका, भात, गहू मिळून ६०-८० ग्रॅम. पातळ भरडा दिला तर विष्ठा सैल होते. शेजारी घमेल्यात कोरडी माती आणि राख ठेवा, दोन मिनिटं लोळली तरी उवा कमी होतात. कधी तासभर उशीर झाला म्हणून अंडी टाकून देऊ नका, ३ दिवसांनी टॉर्चवर बघा.

---

परसातला_नवखा (सत्तरी)

भारी माहिती, मनापासून आभार. पेन्सिल, खोकं, करवंट्या सगळं आज जमवतो. दोन शंका. शेजाऱ्यांकडे गिरिराज जातीच्या कोंबड्या आहेत, त्यांची अंडी हिच्याखाली ठेवली तर? आणि कमी पिल्लं निघाली तर बाजारातली एक दिवसाची पिल्लं आणून तिच्यात मिसळता येतात का?

---

चिरा_आणि_चुना (पेडणे)

गिरिराज बंगळुरूच्या विद्यापीठाने काढलेली, वनराजा-ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संचालनालयाची. या स्वतः सहसा खुडूक होत नाहीत. तो गुण जास्त अंड्यांसाठी निवड करताना मागे पडला, म्हणून गावठीखाली त्यांची अंडी ठेवायची पद्धत बरोबरच आहे. पण अंडं ५० ग्रॅमच्या वर, तेव्हा ८, फार तर ९. शिवाय या संकर जाती आहेत. शेजाऱ्यांच्या गिरिराज अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापासारखी एकसारखी येत नाहीत, कोणी मोठं, कोणी किरकोळ. मांसासाठी चालेल, पुढे जात राखायला नाही.

बदकाची अंडी त्यात मिसळू नका. बदकाला २८ दिवस, मस्कोव्ही बदकाला ३५.

विकतची पिल्लं देता येतात, फक्त वेळ साधावी लागते. कोंबडी किमान दोन आठवडे बसलेली हवी आणि पिल्लं १ ते ३ दिवसांची. आठवड्याचं पिल्लू आईला ओळखत नाही आणि आई त्याला. रात्री, पूर्ण अंधारात, एक अंडं किंवा कवच काढायचं आणि त्या जागी मागून एक पिल्लू सारायचं. एका वेळी दोन, मग दहा मिनिटं थांबा. स्वतःच्या पिल्लांचे आणि विकतच्यांचे रंग अगदी वेगळे असतील तर दिवसा टोचायची शक्यता जास्त. पहाट व्हायच्या आत तिथे हजर राहा. टोचलं की ते पिल्लू काढून खोक्यात, ४० वॉटच्या जुन्या दिव्याखाली. एकूण पिल्लं उन्हाळ्यात १५ चालतील, पावसात १०-१२. त्याहून जास्त तिच्या पंखाखाली मावत नाहीत आणि रात्री बाहेर राहिलेली सकाळी आखडलेली मिळतात.

---

डोंगरपायथा

पिल्लांना कणी आणि वाळवी. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं. करवंटीत शेण-काटक्या भरून वारुळाजवळ पालथी घातली की दुसऱ्या दिवशी वाळवीने भरते.

---

टॉर्चवाली_ताई (डिचोली)

वाळवी उत्तम, शंभर टक्के सहमत. नुसती कणी नको. कणीत भूक भागते पण प्रथिनं आणि जीवनसत्त्वं फार कमी. चौथ्या आठवड्यात पाय वाकडे, पंख लोंबते आणि पिसं विरळ दिसतात ती यामुळे. वाळवी रोज पुरेशी मिळेल तर गोष्ट वेगळी, पण पावसात करवंटी भिजते आणि रिकामी निघते.

पहिले ६ आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. मोकळ्यावर फिरणाऱ्या पिल्लाला एवढ्या काळात साधारण १ किलो लागतं, म्हणजे १० पिल्लांना १० किलो. आई तेच खाईल, तिला अपाय नाही. पण महाग खाद्य तीच संपवते, म्हणून बांबूचं डालगं पालथं घालून खाली ५ सेंमीची फट राहील असे दगड लावा. पिल्लं आत शिरतात, आई बाहेर. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना मुळीच नको, त्यातला चुना त्यांचे मूत्रपिंड खराब करतो.

पहिले २४ तास काहीच न खाल्लं तरी घाबरू नका, पोटात बलक असतो. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून, उथळ ताटलीत गोटे घालून. खोल भांड्यात पिल्लं बुडतात, आणि आई उकरताना भांडं पेंढ्याने भरते, म्हणून विटेवर ठेवा.

आई आणि पिल्लांना पहिले ८-१० दिवस बंद जागेत. नंतर दव वाळल्यावर, नऊच्या पुढे सोडा. घार, कावळा आणि भारद्वाज दिवसा, मुंगूसही दिवसाच, घूस आणि कांडेचोर (उदमांजर) रात्री. आवारावर मासेमारीची जुनी जाळी ताणली की वरचा धोका संपतो. खालून मात्र अर्धा इंची वेल्डमेश, जमिनीत वीतभर पुरलेली. दोन इंची षटकोनी जाळीतून घुशीचं पिल्लू आणि साप आरामात येतात. मासेमारीची जाळी जमिनीपर्यंत लोंबती ठेवू नका, धामण अडकते आणि मग सोडवायची पंचाईत.

---

लस_आणि_बर्फ (बार्देश)

आजारांचं राहिलं. तीनच लक्षात ठेवा.

मानमोडी, म्हणजे रानीखेत. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, ८ व्या आठवड्याच्या पुढे आर-टू-बी टोचून. अडचण अशी की कुपी साधारण १०० मात्रांची आणि पाण्यात मिसळल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. १० पिल्लांसाठी उरलेली ९० फेकावी लागते. म्हणून वाड्यावरच्या तीन-चार घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवा आणि एकाच दिवशी लस द्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, म्हणजे कुपी नेमक्या दिवशी मिळते. थर्मासमधून बर्फासकट आणा. खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

रक्ती हगवण. ३ ते ६ आठवड्यांची पिल्लं, ओला पेंढा. पिल्लू पिसं फुलवून एका पायावर उभं आणि विष्ठेत रक्त. त्याच दिवशी अँप्रोलियम हे औषध पाण्यातून, पाकिटावरच्या प्रमाणात, ५ दिवस, तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही. आणि खालचं ओलं अंथरूण पूर्ण बदलायचं, नाहीतर औषध थांबलं की परत येते. तुमच्याकडे कौलं गळतात का ते आधी बघा.

देवी. पाऊस गेल्यावर डास वाढतात, तेव्हा तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड येतात. लस ६-७ व्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात टोचतात. झाल्यावर औषध नाही, फोड पुसून आयोडीन लावायचं आणि डोळे मिटलेल्या पिल्लाला हाताने पाणी पाजायचं.

---

परसातला_नवखा (सत्तरी)

कौलं दोन ठिकाणी गळतात, उद्या शाकारतो. आज रात्री खोट्या अंड्यांवर हलवतो. शेवटचं एक: पिल्लं आईपासून कधी वेगळी करायची? आणि दुसरीही एक खुडूक होतेय असं वाटतं, तिला बसवायचं नसेल तर?

---

कुळागरवाला (फोंडा)

आई स्वतःच ६ ते ८ आठवड्यांत टोचून हाकलते. लवकर अंड्यावर आणायची असेल तर ४ आठवड्यांनी काढा, पण डिसेंबरच्या थंडीत पिल्लांना रात्री खोक्यात एकत्र झोपवावं लागेल. आता बसवलीत तर पिल्लं नोव्हेंबरात पिसांवर येतात आणि मिरगाच्या आत कोंबडे तयार होतात, त्यामुळे हीच खेप सगळ्यात सोयीची.

दुसरीला बसवायचं नसेल तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उचलून, ३-४ दिवस. खालून वारा लागला की पोटाची ऊब जाते आणि खुडूकपण उतरतं. दाणा-पाणी पूर्ण द्या. थंड पाण्यात बुडवणं, नाकपुडीत पीस खुपसणं हे प्रकार करू नका, कोंबडी आजारी पडते आणि अंड्यावर यायला उलट उशीर होतो. पण दोघी चार दिवसांच्या फरकाने खुडूक होत असतील तर मी तिला मोडणार नाही. पहिलीला खोट्या अंड्यांवर तेवढे दिवस थांबवा आणि दोघींना एकाच रात्री बसवा. मडकं मात्र आजच वाळूत पुरा, ५ दिवसांत २० अंडी लागतील. घरची कमी पडली तर शेजाऱ्यांकडून त्याच आठवड्याची गावठी आणा, दुकानातली पांढरी नको. ती जिथून येतात तिथे कोंबडाच नसतो.